दोन सेकंदांचे फोटो

बायको जाऊन अडीच महिने झाले नाहीत तोच मेहुण्याने टर्नरकडे गच्चीवरच्या खोलीची किल्ली मागितली. मृगातला तेजोमेघ महिनाभरच दिसेल, तेवढ्यात ताईने अर्धा ठेवलेला त्याचा फोटो पुरा करतो, म्हणाला. खगोल मंडळाच्या प्रदर्शनात तिच्याच नावाने लावू. टर्नर नुसता हूं म्हणाला. बहिणीकडून नेलेली छत्री ज्याने कधी परत केली नाही, त्याला एकाएकी तिच्या नावाचा एवढा पुळका, हे त्याच्या पचनी पडेना.

त्या खोलीतली दुर्बीण टर्नरने स्वतः बनवली होती. दीड फुटी आरसा दोन वर्षं हाताने घासला होता. बायको सोडून तो कुणाला दुर्बिणीला हात लावू देत नसे. फोटोतलं मात्र त्याला ओ की ठो कळत नव्हतं. ते सगळं ती बघायची.

किल्ली द्यायच्या आधी त्याने तिचा कॉम्प्युटर उघडला. तिचे फोटो ओळीने लावलेले होते, प्रत्येक पाच मिनिटं कॅमेरा उघडा ठेवून घेतलेला. शेवटचे चाळीस वेगळे निघाले. पुसट, आणि दोन-दोन सेकंदांचे. तारीख पाहिली आणि त्याचा हात थांबला. त्या संध्याकाळी ती हॉस्पिटलात होती आणि तो तिच्या उशाशी बसला होता.

म्हणजे घर रिकामं बघून कुणीतरी वर गेलं होतं. दुसरी किल्ली तिच्या पर्समध्ये असायची, आणि पर्स त्या आठवड्यात मेहुण्याने सांभाळली होती. दोन सेकंदांत काय डोंबल येणार? चोराची घाई ती. आता आपले चार फोटो तिच्या फोटोंत घुसडायचे आणि खाली स्वतःचं नाव टाकायचं. तिचं तेवढंच तर मागे राहिलं होतं.

रविवारी मेहुणा आला. टर्नरने चहा विचारला नाही, तारीखच समोर ठेवली. मेहुणा कानकोंडा झाला.

"किल्ली कुणी दिली?"

"ताईने. दाजी, तुम्हाला सांगायचं नव्हतं."

"ते दिसतंच आहे."

मेहुण्याने फोन काढून तिचा निरोप दाखवला. त्याच दुपारचा. 'माझ्या सगळ्या फोटोंत मधला भाग जळून पांढरा झालाय. तिथले चार तारे दिसतच नाहीत. तू दोन-दोन सेकंदांचे चाळीस घे. उजेड जास्त तिथे थोडाच वेळ पुरतो. ह्यांना सांगू नकोस. दुर्बिनीला कुणी हात लावला की ह्यांना जेवण गोड लागत नाही.'

टर्नरने दोनदा वाचलं. मग, हा बनाव तर नाही, म्हणून तिसऱ्यांदा. 'दुर्बिनीला' पाशी तो अडला. 'न' नव्हे, बाणातला 'ण' लिही, म्हणून बावीस वर्षं त्याने तिला चिडवलं होतं. तिने कधी लिहिला नाही.

"मग आता काय अडलंय?" त्याने विचारलं.

"माझ्या हातून फोकस हलला होता. चाळीसही वाया गेले." मेहुणा खाली बघत म्हणाला. "ताईला सांगितलं, छान आलेत."

अंधार पडल्यावर टर्नर उठला. किल्ली काही त्याने मेहुण्याच्या हातात दिली नाही. जिन्यात छत्रीची आठवण करून दिली. कुलूप स्वतः उघडलं, फोकस स्वतः लावला, पुन्हा एकदा तपासला, आणि मग दुर्बिणीपासून दोन पावलं मागे सरला.

"घे चाळीस," तो म्हणाला. "मी मोजतो."