काकूंची गॅलरी

काकूंनी गॅलरी बंद करायला घेतली आणि अख्खी वसाहत खाली जमली. एरवी पाण्याची टाकी फुटली तरी इथलं कुणी खिडकीतून डोकं काढत नाही. पण अॅल्युमिनियमवाल्याच्या ड्रिलचा आवाज झाला मात्र, सगळ्यांच्या पायांना चाकं लागली.

साहेबाचं राज्य गेलं, तेव्हा नव्या सरकारने आपल्या कारकुनांसाठी ही वसाहत बांधली होती. कमानी नाहीत, नक्षी नाही. सरळ रेषा, सपाट छपरं, उघडं सिमेंट आणि प्रत्येक घराला एक रुंद गॅलरी, तिच्या एका अंगाला सिमेंटची जाळी. ज्या कचेरीत हे नकाशे निघाले, तिथे काकूंचे यजमान सगळ्यात तरुण ड्राफ्ट्समन. "साहेबाच्या बंगल्याला चारी बाजूंनी व्हरांडा आणि त्याच्या कारकुनाला खुराडं," काका सांगायचे. "आम्ही म्हटलं, आता कारकुनालाही वारा मिळाला पाहिजे!"

"वारा मिळाला हो," काकू म्हणायच्या, "पण पोरांना झोपवू कुठे?"

बाकीच्यांनी हा प्रश्न कधीच सोडवला होता. कुणी काचा लावल्या, कुणी पत्रे ठोकले, कुणी कठडा पाडून सरळ भिंतच चढवली. गॅलऱ्यांच्या खोल्या झाल्या. काका तेवढे हटून बसले. काकूंनी रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. लेकीचं लग्न झालं आणि जावयाने पहिल्याच वर्षी गॅलरी बंद करून खोली काढली, तेव्हा तर काकूंना आयतंच कोलीत मिळालं. "बघा, याला म्हणतात संसार! शिका काहीतरी जावयाकडून," हे काकांना उठताबसता ऐकावं लागे. काका हसून गॅलरीत जाऊन बसत.

गेल्या वर्षी ते गेले. काकूंचं मन धजेना, म्हणून गॅलरी तशीच राहिली. मग परवा लेकीचा फोन आला. "आई, मी येतेय. आता परत जायचं नाही."

काकूंनी का म्हणून विचारलं नाही. आतल्या खोलीत मुलगा-सून आणि नातवंडं. म्हणजे परत आलेल्या लेकीने बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायात झोपायचं? माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही, असं म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशीच अॅल्युमिनियमवाल्याला बोलावलं.

आता वसाहतीचे सेक्रेटरी धापा टाकत वर आले, मागोमाग खालची गर्दीही दारात आली. "काकू, थांबवा हे! उद्या सकाळी समितीची माणसं येणार आहेत."

"येऊ देत की."

"अहो, सरकार ही वसाहत पाडून टॉवर बांधणार आणि आपल्याला गावाबाहेर टाकणार. वारसा म्हणून मान्यता मिळाली तरच वाचू. आणि समिती म्हणते, मूळ नकाशाप्रमाणे राहिलेलं निदान एक तरी घर दाखवा."

"मग दाखवा ना तुमचं."

सेक्रेटरींनी मान खाली घातली. "आम्ही कठडाच पाडलाय, काकू. सगळ्यांचं तेच. शिल्लक आहे ती तुमचीच."

"वा रे वा!" काकूंचा आवाज जिन्यापर्यंत गेला. "इतकी वर्षं खोल्या काढून पाय पसरून झोपलात. काकूंकडे वारा मुक्कामाला असतो म्हणून दात काढलेत. आणि आता तुमची घरं वाचवायला माझ्या लेकीने उघड्यावर पडायचं?"

"निदान काकांची आठवण म्हणून तरी..."

"त्यांचं नाव काढू नका! जन्मभर त्यांना वेड्यात काढलंत." वेड्यात काढणाऱ्यांत आपण पहिल्या होतो, हे काकूंच्या लक्षात आलं, पण तोंड सुटलं की काकूंचं थोडंच थांबतं! "काचा बसव रे," त्या अॅल्युमिनियमवाल्याला म्हणाल्या.

तो पहिली काच उचलणार, तेवढ्यात लेक आली. हातात एकच बॅग. दारातल्या गर्दीने मुकाट्याने वाट दिली. काकूंनी तिला जवळ घेतलं, पाणी दिलं आणि हाताला धरून गॅलरीशी नेलं. चौकट उभी राहिली होती. नवं दारही लागलं होतं.

"बघ, तुझी खोली. कुणी यायचं नाही, जायचं नाही. कडीसुद्धा बसवलीय."

लेक उंबऱ्यातच थांबली. तिने कडीला हात लावला, मागे घेतला.

"काय झालं गं?"

"आई, तिकडेही मला हीच खोली होती," लेक हळू आवाजात म्हणाली. "गॅलरी बंद करून काढलेली. फक्त कडी बाहेरून होती."

ती खोली काकूंनी पाहिली होती. पडद्यांचं कौतुकही केलं होतं. घरी येऊन काकांना ऐकवलं होतं.

"काढ रे हे," त्या अॅल्युमिनियमवाल्याला म्हणाल्या. "दार, चौकट, सगळं काढ."

"काकू, भिंतीला भोकं पडलीत."

"बुजव. नाहीतर राहू देत. काढ आधी."

सेक्रेटरींचा चेहरा खुलला. "काकू, वसाहत वाचवलीत!"

"वसाहत गेली खड्ड्यात," काकू म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून, सगळ्यांच्या देखत, मोठ्याने रडल्या.

संध्याकाळी लेकीने गॅलरीत सतरंजी टाकली आणि लहानपणी झोपायची तशी जाळीला पाठ लावून आडवी झाली. जेवायलाही उठली नाही. काकू उशाशी बसून राहिल्या. जाळीतून वारा येत होता.

सकाळी समिती आली. गळ्यात कॅमेरे, हातात मूळ नकाशे, पुढे इस्त्रीच्या शर्टात सेक्रेटरी. काकूंनी दार अर्धंच उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"काकू, गॅलरी बघायची होती," सेक्रेटरी कुजबुजले.

"जिन्यात बसा," काकू म्हणाल्या. "ती उठली की बोलावते."