नाव न घेता

भाईंदर पश्चिमेच्या त्या जुन्या सोसायटीत गेटजवळ एक फळा आहे, आणि त्यावर रोज सकाळी अनसूयाताई सुविचार लिहितात. निवृत्त शिक्षिका, दादरहून इकडे राहायला आलेल्या, अक्षर मोत्यासारखं. दया, नम्रता आणि जगण्याचा हेतू हे त्यांचे लाडके विषय. लोक कामाला पळता पळता वाचतात आणि रिक्षात बसेपर्यंत विसरतात. दुसऱ्या मजल्यावरची गिरिजा मात्र दुधाची पिशवी हातात धरून अख्खा सुविचार वाचायची. तिच्या लेखी त्या बाईंनी तो जगून दाखवला होता.

गोष्ट लॉकडाऊनमधली. गिरिजाचा नवरा उत्तम शाळेच्या बसवर ड्रायव्हर. शाळा बंद, बस बंद, मालकानं हात वर केलेले. उत्तम रत्नागिरीकडचा, आणि ताठा असा की बायकोनं शेजारी वाटीभर साखर मागितलेलीही खपायची नाही. गेटवर कोणी धान्याची पाकिटं वाटायला आलं, की हा खिडकी लावून घ्यायचा. "आपल्याला काय भीक लागलीय?" म्हणायचा. लेक संचिता तेव्हा बालवाडीतली. बापाच्या ताठ्यानं तिचं पोट थोडंच भरणार होतं!

गिरिजाकडे शिलाई मशीन होतं. आधी मास्क शिवायचं काम मिळालं, त्यावर घर चाललं. मग मास्क उदंड झाले आणि काम थांबलं. ते नवऱ्याला सांगायचा तिला धीर झाला नाही. एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना तिला रडू फुटलं आणि ते अनसूयाताईंनी पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून पाण्याच्या टाकीमागे तांदूळ-डाळीची पिशवी येऊ लागली. कपडे वाळत घातले की गिरिजा ती रिकाम्या बादलीत लपवून खाली आणायची. आणि रोज दुपारी, उत्तम आतल्या खोलीत पडलेला असताना, बाहेर चिंध्यांवर मशीन चालवायची. शिवायची, उसवायची, पुन्हा शिवायची. काम चालू आहे असं त्याला वाटलं पाहिजे, एवढ्यासाठी.

"ताई, ह्यांना कळलं तर घास उतरायचा नाही," चिंध्यांचंही सांगून टाकत ती म्हणाली होती.

ताईंनी तिचा हात दाबला होता. "अगं, या हाताचं त्या हाताला कळू नये, तेच खरं देणं. मरेपर्यंत तुझ्यामाझ्यात."

झाकली मूठ सव्वा लाखाची. ती कित्येक वर्षं झाकलेली राहिली. बस पुन्हा सुरू झाली, संचिता मोठी झाली. गिरिजा दर दिवाळीला पहिला फराळ ताईंकडे नेऊन द्यायची, आणि उत्तमला वाटायचं, बाई शिकलेली आहे म्हणून हिला कौतुक.

यंदा सोसायटीच्या सत्यनारायणाला कमिटीनं अनसूयाताईंचा सत्कार ठेवला. शाल दिली, श्रीफळ दिलं, इथवर ठीक होतं. मग हातात माइक दिला.

"नम्रता म्हणजे काय, ते सांगते," ताई म्हणाल्या. "नाव घेणार नाही हं, तो माझा नियम आहे. आपल्याच बिल्डिंगमधली एक भगिनी. लॉकडाऊनमध्ये तिच्या घरात दाणा नव्हता. मी गुपचूप गच्चीवर पिशवी ठेवायचे. आणि नवऱ्याचा मान राहावा, म्हणून ती माउली रोज दुपारी चिंध्यांवर मशीन चालवायची!"

आता अख्ख्या बिल्डिंगमध्ये मशीन एकच. खुर्च्यांवरच्या माना एकेक करून वळल्या. चौथ्या मजल्यावरच्या चंपाबेन तर "अरे, आपली गिरिजाबेन?" असं मोठ्यानं बोलून गेल्या. मग टाळ्या पडल्या. गिरिजाला वाटलं, आपला पदर कोणी भर मांडवात ओढला, आणि तोही आपण जिच्या पाया पडत आलो त्याच बाईनं.

उत्तम प्रसादाचं ताट घेऊन मागे उभा होता. तो सरळ पुढे गेला. शिऱ्याचा द्रोण ताईंच्या हातात दिला.

"ताई, ती माझी बायको. खाणारा मी," तो म्हणाला. "आज कळलं, म्हणून आज हात जोडतोय."

पुन्हा टाळ्या. कोणीतरी मोबाइलवर शूटिंगही केलं. ताईंचे डोळे भरून आले. स्वतःचा चांगुलपणा इतक्या जवळून बघितला की येतातच. उत्तमनं मात्र उरलेला प्रसाद शेवटच्या माणसापर्यंत वाटला, आणि जिना चढून घरी गेला.

गिरिजानं ताईंना जिन्याखाली गाठलं. "ताई, तुम्ही शब्द दिला होतात."

"अगं, मी नाव कुठे घेतलं?" ताईंना खरोखरच आश्चर्य वाटलं. "आणि उत्तमराव किती छान बोलले, बघितलंस ना? चार लोकांना प्रेरणा मिळते गं अशानं."

"धान्य तुमचं होतं, ताई. लाज आमची होती. ती कशाला वाटलीत?"

ताईंनी खांद्यावरची शाल सारखी केली आणि दुखावल्या आवाजात म्हणाल्या, "केल्याचं हेच का फळ?" गिरिजाला हसावं की रडावं कळेना. लोका सांगे ब्रह्मज्ञान! ती संतापानं तरातरा वर आली. उत्तमजवळ बसावं, दोघांनी मिळून त्या बाईला मनसोक्त शिव्या घालाव्यात, म्हणजे जरा हलकं वाटेल असं तिला वाटत होतं.

तो पलंगावर बसला होता. पूजेचा झब्बासुद्धा बदलला नव्हता.

"बघितलंत ना, किती विश्वास ठेवला होता मी त्यांच्यावर!" ती म्हणाली.

"सगळ्या बिल्डिंगबरोबर मला कळलं, गिरिजा."

"अहो, मी तुमच्यासाठीच..."

"ताई परक्या. त्यांनी आज एकदा फसवलं. तू रोज फसवत होतीस. मी आत पडून ऐकायचो. वाटायचं, बायको राबतेय आणि मी लोळतोय. एकदा उठून तुझी पाठ चेपून दिली होती, आठवतंय?"

तिला आठवत होतं. त्या दिवशी तिनं चिंध्या घाईघाईनं मांडीखाली सरकवल्या होत्या, आणि तो पाठ चेपत असताना डोळे मिटून बसून राहिली होती. संध्याकाळभर आपण फसवले गेलो म्हणून जळत असलेली गिरिजा आता खाली बघू लागली.

"सांगितलं असतं तर जेवला असतात?" तिनं विचारलं.

गॅलरीतून खालच्या पोरांचा दंगा ऐकू येत होता, त्यात संचिताचाही आवाज होता.

"नसतो जेवलो," तो म्हणाला. "पोरीलापण जेवू दिलं नसतं."

त्यानं झब्ब्याच्या बाहीनं डोळे पुसले. "असा माणूस होतो मी. तुला माहीत होतं, त्या ताईंनापण माहीत होतं. एकट्या मलाच माहीत नव्हतं."

गिरिजानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं तो झटकला नाही, पण तिच्याकडे बघितलंही नाही.