गाळलेलं पाणी

“गेला. हाही तिकडेच गेला,” चंदाबाई म्हणाल्या.

त्यांची सून डिंपल गिऱ्हाइकापुढे साड्या उलगडत होती. तिने ऐकलं, पण मान वर केली नाही. बाहेर एक खिलारी बैल नव्या मालकाच्या मागून चालला होता. दुकानाच्या पायरीशी असलेल्या दगडी डोणीपाशी तो थांबला, काठोकाठ भरलेल्या पाण्यावर त्याने नाक नेलं, जोरात श्वास सोडला आणि पाण्याला तोंड न लावता रस्ता ओलांडून समोरच्या टपरीकडे गेला. तिथे चहा विकणाऱ्या झुंबरबाईने एक निळा प्लास्टिकचा ड्रम आडवा कापून ठेवला होता. बैलाने त्यात तोंड घातलं ते बराच वेळ वर काढलं नाही.

चंदाबाईंच्या पोटात दुखलं. सत्तरीच्या माणसाला पोटात दुखायला हजार कारणं असतात, पण हे दुखणं कोणतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

बेल्ह्याचा बाजार सोमवारी भरतो. सकाळी टेम्पो भरभरून जनावरं उतरतात, विकली जातात आणि नव्या मालकाबरोबर भर उन्हातून निघतात. त्यांच्यासाठी चंदाबाईंचे यजमान अमृतलाल यांनी दुकान काढलं त्याच साली ही डोण घडवून घेतली होती. कामाची वाटणी तेव्हाच ठरली. अमृतलालांनी पुढे रस्त्यावर उभं राहून जनावरं पाजायची आणि चंदाबाईंनी मागच्या अंगणात आडाचं पाणी शेंदून, दुहेरी फडक्यातून गाळून द्यायचं. फडक्यात जे बारीक जीव अडकतात, ती जिवाणी. ती वाटीभर पाण्यात झटकायची आणि पुन्हा त्याच आडात अलगद सोडायची, कारण एका पाण्यातले जीव दुसऱ्या पाण्यात जगत नाहीत. जैन घरातला हा नेम त्यांना सासूने शिकवला होता. पुढे गावात नळ आला, घरात पाणी शुद्ध करायचं मशीन आलं, पण सोमवारचं डोणीचं पाणी चंदाबाई अजून हाताने गाळत. माणसं काय हवं ते पिवोत, मुक्या जिवाला गाळलेलंच मिळालं पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता.

अमृतलाल गेले, आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात समोर तो ड्रम आला.

बघता बघता सगळा रस्ता त्या ड्रमचा झाला. भाजीवाल्या बायका जाताना उरलेला पाला ड्रमशेजारी ठेवू लागल्या. एका टेम्पोवाल्याने वर गोणपाटाची सावली बांधून दिली. शेजारचा सायकल दुरुस्तीवाला येता जाता त्यात बादली रिकामी करू लागला. गेल्या महिन्यात तर जुन्नरच्या तरुण मंडळाने झुंबरबाईला शाल, नारळ आणि कडुनिंबाचं रोप दिलं, फोटो काढले. तो फोटो डिंपलने मोबाईलवर मोठा करून सासूला दाखवला, तेव्हा चंदाबाई म्हणाल्या, “शाल टेरिकॉटची दिसतेय.” चंदाबाईंच्या डोणीला इतक्या वर्षांत कुणी पाल्याची काडी आणून दिली नव्हती. त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

त्यात आज सकाळी मुलाने, अंकितने, विषय काढलाच.

“मम्मी, डोणीमुळे पायरीशी गाडी लागत नाही. गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. मंचरकडे एकाचं फार्महाऊस आहे, त्याला डोण हवीय. कमळं लावणार आहे त्यात. चारच्या सुमाराला ट्रॅक्टर येईल.”

“पप्पांची डोण आहे ती.”

“पप्पा होते तेव्हा जनावरं पीत होती. आता कोण पितं, सांग ना.”

चंदाबाईंचा चेहरा बघून अंकित जरा नरमला. “हे बघ, आज एक जरी जनावर प्यालं, तरी ट्रॅक्टर परत पाठवतो. मग तू आहेस तोवर डोणीचं नाव काढणार नाही.”

तो वाईट मुलगा नव्हता. फक्त आज काय होणार हे त्याला माहीत होतं.

चंदाबाईंनी मग डोण राखेने घासली, नारळाच्या शेंडीने घासली, पुन्हा धुतली. आज त्यांनी फडकं दुहेरीऐवजी चौपदरी केलं. पाणी इतकं नितळ झालं की डोणीच्या तळावरची टाकीच्या घावांची खूण न् खूण दिसायला लागली. आणि सकाळपासून गाई आल्या, म्हशी आल्या, गोऱ्हे आले. सगळे त्या नितळ पाण्यात आपलं तोंड बघून समोर निघून गेले.

“ती पाण्यात काहीतरी घालते,” चंदाबाई म्हणाल्या. “गूळ घालत असणार.”

“मम्मीजी, ड्रमभर गूळ कुणाला परवडेल?”

“मग मीठ.”

डिंपलने ओठ दाबून हसू आवरलं. चंदाबाईंनी ते पाहिलं, चपला घातल्या आणि त्या रस्ता ओलांडायला लागल्या. टपरी समोर उभी राहिली तेव्हापासून त्यांनी तिच्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं.

झुंबरबाईने लगबगीने बाकडं पुसलं. “या, या शेटाणीबाई. पयल्यांदाच पाय लागलं तुमचं. च्या तर तुमी घ्यायच्या न्हाईत.”

“चहा नको. ऊन लागलं म्हणून जरा टेकले.”

दुकानात दोन पंखे चालू होते आणि इथे डोक्यावर तापलेला पत्रा होता. झुंबरबाई स्टोव्हकडे वळली तशी चंदाबाईंनी पदराआडून हात पुढे केला, ड्रममध्ये बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

साधं नळाचं पाणी. कोमट. वर कडुनिंबाचं एक पान तरंगत होतं, तळाला गाळ होता. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच न गाळलेलं पाणी आपल्या तोंडात गेलं, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी घाईघाईने पदराने जीभ पुसली.

“काय न्हाई त्यात,” झुंबरबाई पाठमोरीच म्हणाली. “नळाचंच हाय.”

चंदाबाई ओशाळल्या. उठून जावं असं त्यांना वाटलं, तेवढ्यात एक माणूस म्हैस घेऊन आला. नुकतीच विकत घेतलेली, डोळे पांढरे करून चारीकडे बघणारी म्हैस. ती ड्रमपासून मागे सरत होती आणि माणूस एका हाताने दावं ओढत दुसऱ्या हाताने फोनवर बोलत होता. झुंबरबाईने किटली खाली ठेवली, म्हशीच्या पुढ्यात उकिडवी बसली आणि ओठांचा चंबू करून हळू शीळ घातली. दोन लांब सूर, मग एक आखूड, शेवटाला जरासा वर जाणारा.

म्हशीने कान हलवले. मान खाली गेली. ती पिऊ लागली.

चंदाबाईंनी बाकड्याची कड धरली. ही शीळ त्यांनी ऐकलेली होती. लग्नाच्या नव्या नवलाईत अमृतलाल दुकान उघडताना ती घालायचे. एकदा मंचरचे पाहुणे बसलेले असताना त्यांनी तशी शीळ घातली, तेव्हा चंदाबाई संध्याकाळी म्हणाल्या होत्या, “दुकानदार माणूस तुम्ही. बाजारातल्या टारगटासारख्या शिट्ट्या काय मारता?” त्यानंतर ती त्यांच्या कानावर आली नव्हती. त्यांना वाटलं होतं, सुटली सवय.

“ही कुठं शिकलात?” त्यांनी विचारलं.

“शेटजींचीच हाय की. दर सोमवारी ऐकून ऐकून बसली तोंडात.”

“ते कुठं घालायचे?”

झुंबरबाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “तुमी माघारी आडावर गेल्या की घालायचे. आमाला म्हनायचे, शेटाणीला सांगू नका, तिला न्हाई आवडत.” मग ती म्हशीची पाठ खाजवत म्हणाली, “जनावर नव्या मालकाला बुजलेलं असतंय बगा. पानी दिसतं, पर तोंड लावत न्हाई. घरी त्याला शीळ घालूनच पाजलेलं असतं ना. शीळ ऐकली की त्याला वाटतं, आपलंच कुनीतरी हाय.”

“आणि हा ड्रम?”

“शेटजी गेल्यावर जनावरं तुमच्या डोणीपाशी यायची, उबी राहायची अन् तशीच जायची. आताची पोरं मोबाईलात. कोन शीळ घालतंय? मला लई वंगाळ वाटायचं. तुमच्या दारात येऊन शीळ घालावी तर तुमी काय म्हनाल. म्हनून हिकडं ड्रम ठिवला.”

चंदाबाई उठल्या. रस्ता ओलांडताना एका टेम्पोने हॉर्न मारला तोही त्यांना ऐकू आला नाही. हिचं पाणी आपल्यापेक्षा चांगलं असतं तर त्यांनी ते सोसलं असतं. गूळ असता तर त्यांनी दोन गोष्टी सुनावल्या असत्या आणि मन मोकळं झालं असतं. पण त्यांच्या नवऱ्याची शीळ त्यांच्या माघारी, त्यांच्याच दारात वाजत राहिली होती आणि ती सगळ्या बाजाराने ऐकली होती. भाजीवालीने ऐकली, सायकलवाल्याने ऐकली, आणि टपरीवालीने तर तोंडपाठ केली. त्या मात्र मागे पाणी गाळत बसल्या होत्या. झुंबरबाईला मिळालेल्या शालीबद्दल त्यांना एवढं वाटलं नव्हतं. आता मात्र छातीत जळायला लागलं.

ट्रॅक्टर चारच्या आधीच आला. अंकित आणि ड्रायव्हर दुकानाच्या बाजूच्या बोळात साखळी कुठून घालायची ते बघत होते. बाजार विरळ झाला होता. तेवढ्यात खालच्या अंगाने एक माणूस काळ्या ठिपक्यांचा डांगी बैल घेऊन आला. भातखाचरात चालणारा बुटका, घट्ट बैल.

“कुठले तुम्ही?” चंदाबाईंनी विचारलं.

“घाटघरचा. भागू नाव माजं. लई लांब जायचंय, टेम्पो भेटंना. पाजू का हितं पानी?”

“पाजा ना. गाळलेलं आहे.”

भागूला त्यातलं काही कळलं नाही. त्याने बैल डोणीला लावला आणि टेम्पो दिसतोय का ते बघायला दोन पावलं पुढे गेला. बैलाने पाण्यावर नाक नेलं आणि वर केलं. चंदाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि ओठांचा चंबू केला. नुसती हवा आली. कवळी सैल झाली. त्यांनी कवळी जिभेने जागेवर बसवली आणि पुन्हा फुंकलं. बैलाने एक पाऊल मागे घेतलं आणि समोरच्या ड्रमकडे तोंड फिरवलं.

बोळातून साखळीचा आवाज आला.

झुंबरबाई टपरीत उभी राहून हे सगळं बघत होती. तिने ड्रमपाशी येऊन शीळ घातली असती तर बैल सरळ तिकडे गेला असता. ती हलली नाही. हात पदराला पुसत नुसती उभी राहिली. आणि चंदाबाईंना कळलं, की ही बाई बोलावल्याशिवाय यायची नाही.

“झुंबरबाई,” त्या म्हणाल्या. हाक रस्त्यापलीकडे पोचली नाही. मग त्यांनी मोठ्याने हाक मारली, “झुंबरबाई, जरा या हो इकडे.”

झुंबरबाई आली. बैलाच्या पलीकडच्या अंगाला उकिडवी बसली. दोन लांब सूर, मग एक आखूड. बैलाचे कान पुढे आले, मान खाली गेली आणि डोणीतल्या त्या नितळ पाण्यात तळापर्यंत लाटा उठल्या.

अंकित बोळाच्या तोंडाशी येऊन थांबला होता. त्याला आई दिसत होती, पिणारा बैल दिसत होता आणि वडिलांची शीळ ऐकू येत होती. बैलाआडची बाई त्याला दिसत नव्हती.

“मम्मी,” तो म्हणाला, “तू?”

चंदाबाईंचे ओठ अजून तसेच होते. त्या हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. झुंबरबाईने आणखी थोडा वेळ खाली बसावं, असं त्यांना फार वाटलं. पण तिचे गुडघे दुखत होते, ती बैलाच्या वशिंडाला धरून उठली.

अंकितने दोघींकडे पाहिलं. मग मागे वळून ड्रायव्हरला म्हणाला, “साखळी काढ रे. नाही न्यायची डोण. मी फोन करतो त्यांना.”

भागूला टेम्पो मिळाला. बैल तोंड पुसल्यासारखी जीभ फिरवत वर चढला.

“शिकवू का तुमाला?” झुंबरबाई म्हणाली. “लई सोपं हाय.”

“माझं मी शिकेन,” चंदाबाई म्हणाल्या. मग दुकानाच्या पायरीवर चढता चढता, मागे न बघता म्हणाल्या, “पुढच्या सोमवारी भाजीवाल्यांना सांगा, निम्मा पाला इकडे ठेवा म्हणावं. आणि तुम्हीही इकडंच या. माझं शिकून होईपर्यंत.”

मागच्या अंगणात फडकं वाळत होतं आणि जिवाणीची वाटी सकाळपासून तशीच राहिली होती. आज सगळ्या धांदलीत ती आडात सोडायची राहून गेली होती. चंदाबाईंनी वाटी बादलीत ठेवली आणि रहाटावरून दोर सोडायला सुरुवात केली. रहाट कुरकुरला. इतकी वर्षं तो असाच कुरकुरत होता. बादली पाण्याला टेकली, वाटी कलंडली. त्यांनी आडात वाकून ओठांचा चंबू केला आणि फुंकर घातली. आडाने तेवढीच फुंकर परत दिली.

तेवढ्यात पुढून शीळ आली. आणखी कुणाचं तरी जनावर डोणीवर आलं असावं. दोन लांब, मग एक आखूड.

चंदाबाईंना पुन्हा जळफळल्यासारखं झालं. पण बादली वर ओढायच्या ऐवजी त्यांनी दोर दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला, रहाटाचा आवाज होऊ नये म्हणून.