बोरीच्या माळावरची आत्म्यांची गाडी

बोरीच्या माळावर सकाळपासून रीघ लागली होती. जिंतूरहून, चारठाण्याहून, कुठून कुठून माणसं आलेली. कुणाची सासू गेलेली, कुणाचा तरणाताठा पोरगा. मधोमध एक जुनी लक्झरी बस उभी. सीटं काढून कुणा हौशी माणसानं तिचं फिरतं घर केलं होतं. आत पलंग, शेगडी, छताला पंखा. आता तिच्यात रामहरी महाराज राहत होते, आणि त्यांचं ऐकायचं तर गावोगावचे आत्मेही.

दर्शनाची रीत ठरलेली. चपला लांब काढायच्या, नळावर पाय धुवायचे, ओल्या मातीतून चालत यायचं आणि दाराचा लोखंडी दांडा धरून गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. अन् खरंच, कुणीतरी हात धरल्यासारखं व्हायचं! बोटांना मुंग्या येत, दंडापर्यंत शहारा जाई. बायका हंबरडा फोडत, आडदांड गडी लहान लेकरासारखे रडत.

"आलाय बगा, आलाय!" महाराज पायरीवर खडावा आपटत ओरडायचे. "तुमच्या गाड्या डिझेलवर चालतेत, ही आत्म्यावर चालती! आपल्याला सरकारची लाईट लागत न्हाई. आपली बॅटरी तपावर भरती!"

तपावर बॅटरी! मी आयटीआयमध्ये वायरमनच्या पोरांना शिकवते. पोटभर हसले असते, पण रांगेत माझी भावजय उभी होती.

दैवशालावहिनीची भक्ती, माझी भाची, तिसरीत होती. पावसाळ्यात तापानं गेली. तेव्हापासून वहिनी रडली नव्हती. तान्हं बाळ दादाच्या मांडीवर टाकून रोज इथं यायची अन् त्या दांड्याला चिकटून राहायची.

"वन्स, भक्ती माझा हात धरायलीय," ती म्हणाली. "तापात तिचा हात असाच थरथरायचा. उद्या अमावस्या हाय. महाराज म्हनले, अंगावर घागर वतून घे, वल्या अंगानं दोनी हातांनी दांडा धर, पूर्ण भेट हुईल."

ओलं अंग अन् लोखंडी दांडा, हे मला पटेना. तरी म्हटलं, आधी बघू. पाय धुतले आणि हात चिकटून राहू नये म्हणून वायरमन लावतो तशी बोटांची मागची बाजू दांड्याला लावली. खोटं कशाला सांगू? बारीक, थरथरती बोटं माझ्या बोटांना लागली आणि तोंडातून "भक्ते" निघून गेलं. हे काय आहे ते मला ठाऊक होतं. तरी मी वळून मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं, आणि मला दरदरून घाम फुटला होता.

तेवढ्यात बसमधला पंखा थांबला. वहिनीनं दांडा धरला, तर काहीच नाही.

"आत्मे इसावा घ्यायलेत! बसा समदे!" महाराजांनी हुकूम सोडला. रांग गपगुमान खाली बसली. मी मात्र रस्त्यापलीकडं बघितलं. तिथली पिठाची गिरणीही बंद पडली होती. थोड्या वेळानं गिरणी घरघरली, पंखा फिरला आणि आत्मे कामावर हजर झाले. वा रे आत्मे! ह्यांनाही लोडशेडिंग!

मी रबरी चपला घातल्या आणि सरळ बसमध्ये शिरले.

"ए बाई, कुठं घुसायलीस? भस्म होशील!"

"होऊ द्या," म्हटलं आणि पलंगाची फळी उचलली. खाली चार बॅटऱ्या. टर्मिनलवर पांढरा बुरा चढलेला, एकीचं पोट फुगलेलं. चारही कधीच मेलेल्या. शेजारी जुनाट चार्जर, त्याची वायर उंदरांनी कुरतडलेली. उघडी तार दमट प्लायवूडला टेकलेली, प्लायवूड पत्र्याला. अर्थिंगचा पत्ता नाही. दुसरी वायर भोकातून खाली उतरून, पोत्याखालून, मातीत पुरून थेट विजेच्या खांबावर. चोरून आकडा टाकलेला!

बाहेर येऊन मी पिशवीतला टेस्टर दांड्याला लावला. लाल दिवा लागला.

"महाराज, खडावा काढा, पाय धुवा अन् धरा दांडा. तुमचे गुरू भेटतील."

"आमी कुनाच्या भेटीला जात न्हाई. लोक आमच्या भेटीला येतेत."

"धरा की, महाराज!" रांगेतून एकजण ओरडला. मग दुसरा. महाराज पायरीवरून हलेनात.

मी लोकांना म्हटलं, "बस रबरी टायरवर उभी आहे. करंट पत्र्यात येऊन थांबतो. ओल्या मातीत अनवाणी माणूस दांडा धरतो, तेव्हा त्याच्या अंगातून जमिनीत उतरतो. खडावांच्या लाकडातून उतरत नाही. हे बाबाला पक्कं माहीत आहे."

"तुमाला काय कळतंय, वन्स?" वहिनी किंचाळली. "तुमचं लेकरू न्हाई गेलं!"

मला ते लागलं. पण मी चपला काढून तिच्यापुढं ठेवल्या. "वहिनी, पाय पूस, ह्या घाल अन् धर."

तिनं धरलं. काही नाही. चपला काढून धरलं. शहारा. पुन्हा घातल्या. काही नाही.

"भक्ती तुझ्या पायातली चप्पल बघून हात सोडून देती का गं?"

तिनं चपला भिरकावून दिल्या. मी गिरणीवाल्याला हाक मारली. त्यानं कोरड्या बांबूनं खांबावरचा आकडा पाडला. वहिनीनं दोन्ही हातांनी दांडा चाचपला. नुसतं थंड लोखंड.

"एकदाच, वन्स," ती हात जोडून म्हणाली. "एकदाच चालू करा."

देवाशपथ, माझं काळीज तुटलं. "नाही करणार. ह्या दांड्यात भक्ती नाही, मरण आहे. उद्या ओल्या अंगानं धरला असतास तर तुझं प्रेतच सोडवावं लागलं असतं."

ती चिखलात मटकन बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ओरडली, "मेली गं माजी भक्ती!" मी तिला कवटाळलं. आम्ही दोघी हमसून हमसून रडलो. महाराजांना तोवर रांगेतल्या गड्यांनी धरून ठेवलं होतं.

बाबांनो, गेलेलं माणूस परत येत नाही, हे सांगणारा कुणालाच आवडत नाही. तरी सांगते. अंगावर शहारा आला तर हात जोडण्याआधी तो कुठून आला ते विचारा. त्या दिवशी कुणीच विचारलं नसतं, तर आज माझ्या दादाच्या भिंतीवर दोन फोटो असते.