हिरवी चिंधी

महाल वस्तीतल्या हातमाग सोसायटीत ताणा, म्हणजे मागावरचे उभे सूत, गुंडाळायचा ढोल एकच होता आणि नियमही एकच. ज्याचे काम ढोलावर, त्याच्या घराची चिंधी मुठीला. ज्याने बांधली त्यानेच सोडायची. दुसऱ्या घराने हात लावायचा नाही. चौदा घरे, चौदा रंग. १९७३च्या मार्चपर्यंत नियम कोणी मोडला नव्हता. मार्चमध्येही मोडला नाही.

ईश्वरदास आणि शालिकराम सख्खे भाऊ. घर एक, चुली दोन, बोलणे बंद. चिंधी मात्र दोघांची हिरवी. धाकट्या शालिकरामचा माग सुताअभावी तीन आठवडे रिकामा होता. सेक्रेटरी बाबनरावांनी बजावले होते, शनिवारपर्यंत ताणा चढला नाही तर माग दुसऱ्याला.

शुक्रवारी सूत हाती येताच शालिकरामने चिंधी बांधली, अर्धा ताणा गुंडाळला आणि जेवायला गेला. ईश्वरदास आला. हिरवी चिंधी पाहून त्याला वाटले, बायकोने, अनुसयाने, आपलेच काम सुरू केले आहे. उरलेला ताणा त्याने स्वतःच्या सुताने पुरा केला.

"आंधळा झाला काय गा?" परत आलेला शालिकराम ओरडला. "माझा ताणा हाये तो!"

"चिंधी घराची हाये. तुझं नाव लिहिलं हाये काय तिच्यावर?"

"उकल तुझं सूत."

"मी काहून उकलू? तूच उकल तुझं."

शालिकरामचे सूत खाली दबलेले होते. ईश्वरदास ढोलासमोर बसला तो उठलाच नाही.

शनिवारी दुपारी शालिकराम बाबनरावांना वहीसकट ढोलापाशी घेऊन आला.

"दुसऱ्या घरानं हात लावला असता तर मी त्याले तीन महिने ढोल बंद केला असता," बाबनराव म्हणाले. "हे तुमच्या घरातलं. हिरव्याचं हिरव्यानं निस्तरा."

"मग वहीत आमची दोन घरं लिहा."

"शुद्धीवर हायेस काय बे? सभासद ईश्वरदास हाये. वेगळा झाला तर तुझा माग आजच गेला."

"तसाही संध्याकाळी जाऊनच राहिला. लिहा."

बाबनरावांनी लिहिले. शालिकरामचा माग मागासाठी थांबलेल्या ताराचंदला गेला, दुसऱ्या घराच्या कामाला हात लावला म्हणून ईश्वरदासला ढोल तीन महिने बंद.

"आता ते चिंधी सोड," बाबनराव म्हणाले. "बाकीचे खोळंबले."

शालिकरामने चपला पायात सरकवल्या.

"दुसऱ्या घराच्या चिंधीले मी हात कसा लावू, बाबनराव? नियम हाये न?"

ईश्वरदास जागचा हलला नाही. "मी बांधली नाही," तो म्हणाला.

सोमवारी सकाळी बाकीची तेरा घरे सूत घेऊन ढोलाभोवती उभी होती.