दोन वह्यांतला मुलगा

"तिच्या कपाळावर पाणी घातलंस, मग याच्या का नाही घातलंस गं मावशी?"

बाळंतीण क्लारी विचारत होती आणि अगोता सुईण दोन्ही पोरांना पुसत होती. पहाटे जुळं झालं होतं, सातव्या महिन्यातच. मुलीने दोनदा श्वास घेतला, तेवढ्यात अगोताने बाप्तिस्म्याचे शब्द म्हणून पाणी घातलं. मुलगा मात्र बापाच्या, प्रोटेस्टंट कॅल्विनपंथाचा. त्यांच्यात सुइणीने घातलेलं पाणी चालत नाही, पाळकच लागतो. क्लारीचा नवरा बालिंट पाळकांना आणायला धावला, पण ते येईपर्यंत दोन्ही पोरं गेली होती.

आमच्या डोंगराकडे रीतच तशी. आई कॅथलिक नि बाप कॅल्विनवाला असेल, तर मुलगे बापामागे, मुली आईमागे. रविवारी एका घरातून निघालेली माणसं फाटकापाशी दोन दिशांना पांगतात. बाळांना बाप्तिस्म्याला नेणं सुइणीचं काम. तीस वर्षं अगोता कोणत्या वाटेला लागली एवढं पाहून शेजारणी ओळखायच्या, मुलगा झाला की मुलगी.

"सात महिने एकमेकांना बिलगून होती गं," क्लारी म्हणाली. "एकाच खड्ड्यात ठेवा. एकट्याला नका टाकू."

"अगं, बाप्तिस्मा नसलेल्याला फादर आपल्या कॅथलिक दफनभूमीत घेतील का?" अगोता म्हणाली.

बालिंट दाराशी उभा होता. "माझी ना नाही," तो कसाबसा म्हणाला. "दोघं क्लारीच्याच दफनभूमीत राहू देत."

पाळकांनी मात्र आपलं काम चोख केलं. मुलगा बालिंटचा, तेव्हा त्याचा जन्म आणि मृत्यू त्यांनी आपल्या चर्चच्या वहीत लिहिला. शेजारी लिहिलं, बाप्तिस्म्याविना.

दुपारी अगोता फादरांसमोर उभी राहिली. फादरांनी वही उघडून टाक बुडवला.

"मुलगा जिवंत असताना पाणी घातलंस? सुईण होताना घेतलेली शपथ आठव, अगोता."

ही बाई कधी खोटं बोलली नव्हती. सासूला तोंडावर कजाग म्हणाली होती, ती याच फादरांसमोर.

"घातलं. दोघांनाही."

"पण तो तर त्यांच्या पंथाचा."

"मरणाऱ्या जिवाला कुणी पंथ विचारत बसतं का, फादर?"

फादरांनी आपल्या वहीत मुलापुढेही लिहिलं, बाप्तिस्मा दिलेला. संध्याकाळी एकाच पेटीत दोघांना पुरलं. कुणी कधी दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर म्हणेल, लिहिणारे डुलक्या काढत होते.

त्यानंतरच्या ईस्टरला अगोताने फादरांकडे पापकबुली दिली नाही, म्हणून प्रसादही घेतला नाही. पुढल्या वर्षीही नाही. गावात कुजबुज झाली. म्हातारपणी हिने असं काय केलं असेल, म्हणून लोकांनी नाही नाही ते तर्क लढवले. नवव्या ईस्टरला बाकावर शेजारी बसलेल्या क्लारीला राहवेना.

"माझ्यापायी झालं गं हे," ती कानाशी म्हणाली. "सांगून टाक. पापकबुलीतलं फादर बाहेर बोलत नाहीत. कबरीला काही होणार नाही."

"ते ठाऊक आहे गं मला. पण पस्तावा झाल्याशिवाय क्षमा मिळत नाही, आणि मला पस्तावाच होत नाही. देवापुढे पुन्हा खोटं कुठे बोलू?"

घंटा वाजली, बायका प्रसाद घ्यायला उठल्या. अगोताने आपले दुखरे गुडघे बाजूला घेतले आणि त्यांना जायला वाट करून दिली.