छत्तिसाव्या पाकिटातलं च्युइंगम

मित्रांनो, मी एक जुना च्युइंगमचा तुकडा आहे. गुलाबी, चपटा, वय वर्षं सदतीस. नाक मुरडू नका, आधी ऐकून घ्या.

माझा जन्म कारखान्यात झाला. अंगावरून रूळ फिरला, वरून साखरेची पूड पडली, झालं. मला वाटलं, आता कुणाच्या तरी गालात जायचं, फुगा व्हायचं, फट्ट करून फुटायचं. आमच्यात यालाच आयुष्य म्हणतात. पण मला पंधरा बेसबॉल कार्डांबरोबर मेणकागदात कोंबलं. कार्डांवर खेळाडूंचे फोटो. पोरं पाकीट फोडायची ती त्यांच्यासाठी, आम्ही आपले फुकट. माझे भाऊ दोन मिनिटं चघळून थुंकले गेले. पण चघळले तरी गेले!

माझं नशीब तेवढंही नव्हतं. अशी छत्तीस पाकिटं एका खोक्यात भरली आणि ते खोकं विस्कॉन्सिनमधल्या व्हर्नन हागेडॉर्ननं घेतलं. घेतलं आणि फोडलंच नाही. तेव्हा सगळ्यांना एकच वेड होतं. खोकं बंद ठेवा, कार्डांची किंमत वाढेल, म्हातारपणी राजे व्हाल. सगळ्यांनीच ठेवलं. म्हणून आज तिकडे ज्याच्या त्याच्या माळ्यावर खोकं आहे, राजा मात्र कुणीच नाही.

मी माळ्यावर पडून. उन्हाळ्यात चिकट, हिवाळ्यात दगड. शेवटी पहिल्या कार्डाला असा चिकटलो की विचारू नका. माझं तोंड बरोबर त्याच्या तोंडावर. कोण होता बिचारा, काय माहीत.

आणि मग गेल्या मे महिन्यात आवाज आले.

"फोडतोय मी," व्हर्नन म्हणाला. "पण दाजी, ठरलंय ते ठरलंय. तुझं कार्ड नाही निघालं तर मेजर लीगची ती गोष्ट परत सांगायची नाही. कध्धी नाही."

"आणि निघालं तर?" हा ऑरिन, व्हर्ननच्या बहिणीचा नवरा.

"तर शुक्रवारी चर्चच्या मासळीच्या जेवणाला उभा राहून सांगीन सगळ्यांना, की हा खेळला होता म्हणून."

भानगड अशी होती. ऑरिन तरुणपणी मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या स्पर्धेत, नऊ सामने खेळला होता. नऊच. मग दुखापत, मग घरी. या गावात तो आला लग्न करून, नंतर. जुने फोटो तळघरात पाणी शिरलं तेव्हा गेले. व्हर्नन म्हणायचा, तू तिथं पाणी वाटायला होतास. कॉम्प्युटरवर नाव दाखवलं तर म्हणायचा, "ऑरिन ट्वेट? आपल्याकडे दगड मारला तर ट्वेटलाच लागतो!" दुकानात जाऊन स्वतःचंच कार्ड मागायची ऑरिनला लाज. पाकिटं फोडून बघितली, नाही निघालं.

व्हर्ननची मुलगी ग्रेचेन दातांच्या दवाखान्यात कामाला. सुट्टीच्या दिवशी ती जुनी खोकी फोडून फोनवरून लोकांना दाखवते आणि कार्डांना मार्क देते. गॅरेजमध्ये तिनं फोन उभा केला. "पाकीट पहिलं. कोपरे बरे, छपाई तिरकी. च्युइंगमला शून्य. बाबा, खाली ठेवा ते! दात जाईल!"

शून्य! आत बसून ऐकलं मी.

दहा पाकिटं झाली. वीस झाली. व्हर्ननचा आवाज चढत गेला, ऑरिनचा बसत गेला. "अठ्ठावीस. परत तोच मिशीवाला. चौथ्यांदा!" ग्रेचेन म्हणाली.

"ऑरिन, सॉसेज गार होतंय," अर्डिस म्हणाली. ती त्याची बायको, व्हर्ननची बहीण.

"नको मला."

ग्रेचेननं फोनमागून मान वर काढली. ऑरिन सॉसेजला नको म्हणाला, असं कधी झालं नव्हतं म्हणे.

छत्तिसावं पाकीट. फर्रकन कागद फाटला. उजेड! आणि ग्रेचेनची किंकाळी. "काका! नाव बघा! ऑरिन ट्वेट!"

ऑरिन उठला आणि परत बसला.

"थांबा थांबा," व्हर्नन म्हणाला. "तोंड कुठंय? तोंडावर तर हे च्युइंगम. दुसरा कुणी ट्वेट असेल. आधी चेहरा दाखवा."

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर कुणाच्या उपयोगी पडलो नाही, आणि आडवा आलो तो असा!

ग्रेचेननं दवाखान्यातली दात कोरायची बारीक आकडी आणली. श्वास रोखून, मिलिमीटर मिलिमीटरनं तिनं मला उचकटलं. टक्! सुटलो. कार्डावर चेहऱ्याच्या जागी पांढरं भोक.

"गेलं," ऑरिन हळूच म्हणाला. "जाऊ दे. घरी जाऊ या, अर्डिस."

व्हर्नन हसला नाही. हसायला पाहिजे होता खरं तर.

तेवढ्यात अर्डिसनं मला पालथं केलं. "अरे, हा बघा की इथं!"

सगळी शाई माझ्या अंगावर उतरली होती. टोपी, नाक, आणि तो कान. लहानपणी चेंडू लागून चुरगळलेला, भज्यासारखा. अख्ख्या गावाला माहीत असलेला कान!

व्हर्नन वाकला. बराच वेळ बघितलं. "डावा आहे," तो म्हणाला. "दाजीचा उजवा चुरगळलाय. हा डावा."

"अरे गाढवा, ठसा उलटाच उमटणार!" अर्डिसनं पर्समधला आरसा काढून माझ्यासमोर धरला. आरशात कान उजवा झाला. आणि चोवीस वर्षांचा ऑरिन टोपी घालून सगळ्यांकडे बघत राहिला.

व्हर्नन खुर्चीत बसला. "सदतीस वर्षं माझ्याच माळ्यावर होतास होय रे?"

"तूच फोडत नव्हतास," ऑरिन म्हणाला, आणि गार सॉसेज उचललं.

शुक्रवारी व्हर्नन उभा राहिला. "हा खेळला होता," म्हणाला. मग राहवेना म्हणून, "नऊच सामने." पण उभा राहिला.

आता मी आणि ते भोक पडलेलं कार्ड एकाच काचेच्या डबीत असतो, ऑरिनच्या टीव्हीशेजारी. ग्रेचेननं मार्क बदलले. च्युइंगमला दहापैकी दहा.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. माळ्यावर काही बंद करून ठेवलं असेल तर फोडा. आत कुणीतरी तुमच्याच घरातल्या माणसाचं तोंड धरून बसलं असेल. आणि मला बघायला आलात तर आरसा घेऊन या. फक्त चाटू नका. एकानं चाटलंय, खरंच अजून गोड आहे का बघायला. तेव्हापासून ऑरिनचं नाक जरा पुसट झालंय.

नाव सांगत नाही. त्याच्याच माळ्यावर सदतीस वर्षं राहिलोय मी.